१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता आठवते, कादंबरी आठवते, फार तर नाटक. आज मी एका संख्येची समीक्षा करणार आहे. ती मागे फळ्यावर लिहिलेली आहेच, पण एकदा मोठ्याने वाचू या. एक, दोन, तीन, असं चढत नऊपर्यंत जायचं आणि तसंच पायरी पायरीने एकपर्यंत उतरायचं. १२३४५६७८९८७६५४३२१. एकूण १७ अंक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंत १८ स्थानांची नावं दिली आहेत. त्या हिशेबाने आपल्या संख्येतला सगळ्यात डावीकडचा एक 'मध्य' या स्थानावर बसतो आणि शिखरावरचा नऊ 'अर्बुद' स्थानावर. परार्धाला एकच पायरी कमी.

गणिताच्या व्याख्यानाला वाईत इतकी मंडळी आली, याचा मला आनंद आहे. पण तसं आश्चर्य वाटायला नको. हे विश्वकोशाचं गाव आहे, आणि केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश रचला तोही इथेच. म्हणून आज मांडणीही मीमांसकांकडून उसनी घेतो. त्यांच्या अधिकरणात आधी विषय सांगतात, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी निर्णय. मला या पद्धतीतली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की पूर्वपक्ष दुबळा मांडायची सोय तिच्यात नाही. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडावं लागतं.

तर विषय. नऊ एक शेजारी शेजारी लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. उत्तर म्हणजे आपली संख्या. दोन एकांचा वर्ग १२१, तीन एकांचा १२३२१, चारांचा १२३४३२१. या कुटुंबाला 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायच्या, परिषदांना जायचं, कुणी ऐकलं तर ऐकलं. आणि 'डेम्लो' हे काय, तर जी. आय. पी. रेल्वेवरचं मुंबईपासून ३० मैलांवरचं एक स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. संख्येला रेल्वे स्टेशनचं नाव देणारा माणूस होता तो.

आता संशय. या संख्येत जे सुंदर दिसतं, ते संख्येचं आहे की आपण ती ज्या पद्धतीने लिहितो त्या लिखावटीचं? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण कापरेकर गणिती होते की हौशी जादूगार, याचं उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे. आणि आपण शाळेत मुलांना 'गणिताची गंमत' म्हणून जे दाखवतो ते गणित आहे की नाही, याचंही.

पूर्वपक्षाचा सेनापती कोण, तर जी. एच. हार्डी. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी. १९४० मध्ये त्यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी असे काही नमुने घेतले आहेत. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा, की उलट्या लिहिल्यावर जी संख्या येते तिच्या त्या पटीत असतात. ८७१२ म्हणजे चार गुणिले २१७८, आणि ९८०१ म्हणजे नऊ गुणिले १०८९. हार्डींचं म्हणणं असं, की हे कोडी सोडवणाऱ्यांना आवडेल, पण गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. यातून कुठलाही मोठा विचार निघत नाही.

हा आक्षेप आपण आणखी धारदार करू. आपण दहाच्या पायात लिहितो, कारण हाताला बोटं दहा. संगणक दोनच्या पायात लिहितो. आपली संख्या संगणकाच्या शून्य-एकांत लिहिली तर चढणही दिसत नाही, उतरणही दिसत नाही, आणि शिखराचा तर पत्ताच नाही. संख्या तीच, पण सौंदर्य गेलं. याउलट काही गुण असे असतात, की कुठल्याही लिपीत लिहा, ते जात नाहीत. आपल्या संख्येचे अविभाज्य अवयव पाडू या. १११११११११ म्हणजे ९ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ अविभाज्य आहे. म्हणून आपली संख्या म्हणजे तीनचा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. तिचे एकूण विभाजक किती? पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. हे खरे संख्येचे गुण, असं पूर्वपक्षी म्हणेल.

तोच पुढे १७२९ चं उदाहरण देईल. हार्डी आणि रामानुजन यांच्या टॅक्सीचा तो प्रसिद्ध नंबर. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या : १२ चा घन अधिक १ चा घन, किंवा १० चा घन अधिक ९ चा घन. हा गुण कुठल्याही पायात टिकतो. याच १७२९ च्या अंकांची बेरीज १९. उलट केली तर ९१. आणि १९ गुणिले ९१ किती? १७२९! टाळ्या वाजवाव्यात अशी गोष्ट आहे की नाही? (श्रोत्यांत हशा) पण ही टाळी दहाच्या पायाला आहे. पाया बदलला की ती विरते. एकाच संख्येत दोन्ही जातींचे गुण राहतात, आणि पहिल्या जातीतून संख्याशास्त्राची मोठी दालनं उघडली, दुसऱ्यातून नाही. पूर्वपक्ष भक्कम आहे. तो हसण्यावारी नेऊ नका.

आता उत्तरपक्ष. त्याच्यासाठी मोठं गणित लागत नाही. चौथीतला उभा गुणाकार पुरे.

१११ गुणिले १११ मांडा. एकाखाली एक तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांत किती एक आले ते मोजा. उजवीकडून एक, दोन, तीन, दोन, एक. झालं. चढण-उतरण कुठून आली? सरकत्या ओळींमधून. नऊ एकांसाठी नऊ ओळी. मधल्या रकान्यात नऊ एक, दोन्ही बाजूंना कमी कमी होत जाणारे. हातचा कुठेच नाही, कारण कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या पुढे जात नाही.

आता पूर्वपक्ष्याला विचारा, यात दहा कुठे आहे? आठच्या पायात लिहा. तिथे ८ आणि ९ हे अंकच नाहीत, साताच्या पुढे लगेच १०. तिथे सात एकांचा वर्ग करा : १२३४५६७६५४३२१. पुन्हा तोच घाट! फक्त शिखर सातावर. पाच पाया घेतला तर शिखर चारावर. म्हणजे प्रत्येक पायाची स्वतःची डेम्लो संख्या आहे. हा गुण दहाचा नाही, सरकवून बेरीज करण्याच्या क्रियेचा आहे. बीजगणितात एक अधिक क्ष अधिक क्ष-वर्ग अशी मालिका घेऊन तिचा वर्ग करा. सहगुणक एक, दोन, तीन असे चढतील आणि उतरतील. क्षच्या जागी दहा ठेवला की आपली संख्या. आणि क्षच्या जागी एक ठेवला तर? डावीकडे नऊचा वर्ग, उजवीकडे अंकांची बेरीज. म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ च यावी लागते. एकाच सूत्राची ही दोन फळं आहेत.

आता शिखर मोडतं तिथे बघा, तिथे खरी मजा आहे. दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा एक येतात. शून्य लिहा, हातचा एक. शेजारी नऊ होते, ते दहा झाले. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या शेजारी आठ होते, ते नऊ झाले. पुढे शांतता. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ गायब झाला!

हा गायब आठ तुम्हाला दुसरीकडेही भेटला असेल. १२३४५६७९ ला नवाने गुणलं की नऊ एक येतात, अठराने गुणलं की नऊ दोन, सत्ताविसाने गुणलं की नऊ तीन. ही करामत पुष्कळांनी केलेली असते, पण यात आठ का नाही, हे फार थोडे विचारतात. उत्तर तेच आहे. एक भागिले नऊ म्हणजे ०.१११ अशी न संपणारी ओळ. तिचा वर्ग एक भागिले ८१. तिथेही रकान्यांत एक, दोन, तीन असे चढत नऊ आणि मग दहा एक जमतात, तोच हातचा डावीकडे जातो आणि आठाचा नऊ करतो. म्हणून १/८१ म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालू राहतं. दोन 'चमत्कार' होते. उभ्या गुणाकाराने सांगितलं की गोष्ट एकच.

आणखी एक पायरी चढू. आपल्या संख्येचे दोन तुकडे करा : उजवीकडचे नऊ अंक आणि डावीकडचे उरलेले आठ. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९! लगेच 'अद्भुत' म्हणू नका, नवाची कसोटी आठवा. संख्येच्या अंकांची बेरीज करणं म्हणजे नवाने भागून बाकी काढण्यासारखं, हे आपण शिकलो. तसंच नऊ-नऊ अंकांचे तुकडे पाडून बेरीज करणं म्हणजे नऊ नवांच्या संख्येने भागून बाकी काढण्यासारखं. आणि आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९. नि:शेष भाग जातो, म्हणून बेरीज तशी येते.

आता दहा एकांच्या वर्गाचे तसेच तुकडे पाडा, उजवीकडून दहा अंकांवर : १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज येते दहा एक! म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९, अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ म्हणजे दोनशे सत्त्याण्णव. ७०३ चा वर्ग ४९४२०९, तेच. आणि २९७ व ७०३ मिळून बरोबर हजार.

हा योगायोग आहे का? बिलकुल नाही. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवलं, की कापरेकर संख्या ९९, ९९९ अशा संख्यांच्या एका विशिष्ट जातीच्या विभाजकांशी जोडलेल्या आहेत. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, आणि या दोघांत सामाईक अवयव नाही. २९७ ला २७ ने पूर्ण भाग जातो आणि ३७ ने भागलं तर बाकी एक. ७०३ चं नेमकं उलटं : ३७ ने पूर्ण भाग, २७ ने बाकी एक. बाकींच्या या जोडणीच्या मागे शेष-प्रमेय आहे, ते प्राचीन चीनचं म्हणून ओळखलं जातं, आणि आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकाशी त्याचं नातं आहे. हार्डी ज्याला खोली म्हणतात, ती हीच.

आता हीच कसोटी आपल्या कौतुकाला लावू. मघाशी मी सांगितलं, आपल्या संख्येचे ४५ विभाजक. एक ते नऊची बेरीजही ४५! कुणी ही गोष्ट मोबाइलवर फिरवली तर हजार लोक पुढे पाठवतील. पण शेजाऱ्याकडे जाऊन बघा. आठ एक घ्या. ११११११११ म्हणजे ११ गुणिले ७३ गुणिले १०१ गुणिले १३७. त्याच्या वर्गाचे विभाजक ८१, आणि एक ते आठची बेरीज ३६. कुठे काय जुळलं? काही नाही. ४५ चं जुळणं हा निव्वळ योगायोग. अंकांची बेरीज मात्र आठ एकांच्या वर्गाची ६४, सात एकांच्या वर्गाची ४९, नियमाप्रमाणे. गंमत लक्षात घ्या. विभाजकांची संख्या हा पायावर न अवलंबून असणारा, 'उच्च कुळातला' गुण, पण तिथलं जुळणं पोकळ निघालं. अंकांची बेरीज हा 'हलका' गुण, पण तिथलं जुळणं खरं निघालं. पूर्वपक्षाने कुळ पाहून निवाडा केला, चूक तिथे झाली.

तेव्हा कुठलाही संख्या-चमत्कार समोर आला की तीन प्रश्न विचारा. शेजारच्या संख्येला हे लागू पडतं का? पाया बदलला तर काय उरतं? आणि मोडतं तेव्हा नेमकं कुठे मोडतं? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. दहा एकांपाशी शिखर मोडलं नसतं, तर आठ कुठे गेला हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

या प्रश्नांपुढे ६१७४ उभा करू, कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला आकडा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा पुन्हा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. १९४९ च्या सुमारास त्यांनी हे मांडलं, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यावर जगाला कळलं. आता बघा. चार अंकी संख्या मोजक्या, म्हणून अशी कुठलीही क्रिया शेवटी कुठल्या तरी चक्रात फिरणारच. नवल एवढंच, की इथे चक्र एकाच आकड्याचं आहे. तीन अंकांत ४९५ येतो. दोन अंकांत एक आकडा नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र लागतं. पाच अंकांतही चक्रंच. म्हणजे शेजाऱ्याकडे गेलं की नियम डळमळतो. माझं मत स्पष्ट सांगतो. ६१७४ चांगला आहे, पण त्याची कीर्ती त्याच्या वजनापेक्षा जास्त आहे. डेम्लो संख्या आणि कापरेकर संख्यांचं वजन मात्र त्यांच्या कीर्तीपेक्षा जास्त आहे. आपण नेमकं उलटं कौतुक करत आलो.

आणि कौतुक करताना श्रेयही नीट द्यावं. सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१, हा राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त नवव्या शतकातच आहे. २७९९४६८१ गुणिले ४४१, असा गुणाकार देऊन ते हा आकडा काढतात आणि अशा उत्तरांना गळ्यातल्या दागिन्याची उपमा देतात. म्हणजे हार पहिल्यांदा कापरेकरांनी ओवला, असं म्हणता येणार नाही. त्यांनी काय केलं, तर या हारांचं एक कुटुंब आहे हे ओळखलं, त्याला नाव दिलं आणि आयुष्यभर त्याचे नातेवाईक शोधले. हर्षद संख्या ही त्यांचीच. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. आपली संख्याही हर्षद आहे, ८१ ने तिला भाग जातो. स्वयंभू संख्या त्यांचीच. १५ मध्ये त्याचे अंक मिळवले की २१ जन्मतो, पण २० कुणापासूनच जन्मत नाही, म्हणून २० स्वयंभू.

त्यांच्या लेखनावर टीका करायची तर ती इथे करावी लागते. त्यांचा भर नमुने गोळा करण्यावर आणि नावं ठेवण्यावर होता, सर्वसाधारण सिद्धतेवर कमी. काही वेळा सिद्धता दोन पावलांवर असताना ते पुढच्या नमुन्याकडे वळतात. वाचताना चुटपुट लागते. पण रानात फिरून वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाला आपण विचारत नाही, की तू पेशीशास्त्र का लिहिलं नाहीस. तो नमुने आणतो, नीट नोंदवतो, नाव देतो. वर्गीकरण मागून येतं, जसं इयानुचींचं आलं. त्यासाठी आधी कुणीतरी रानात जावं लागतं, आणि कोणता नमुना उचलायचा याची नजर लागते. ती नजर त्यांच्याकडे होती.

मग निर्णय काय? पूर्वपक्षाचं इतकं मान्य, की अंकांच्या खेळातला बराचसा भाग फोल असतो. मात्र सगळाच फोल, हे अमान्य. निवड करता आली पाहिजे, आणि निवड करणं हेच समीक्षेचं काम. कापरेकरांना नुसतं 'आकड्यांचा जादूगार' म्हणणं हा मला त्यांचा अपमान वाटतो. जादूगार युक्ती लपवतो. डेम्लो संख्येत तर सगळी युक्ती उभ्या गुणाकारात उघडी पडलेली आहे, चौथीच्या मुलाने बघावी इतकी.

म्हणून इथल्या शिक्षकांना एक विनंती. १२३४५६७८९८७६५४३२१ मुलांना जरूर दाखवा, मुलं टाळ्या वाजवतील. टाळ्या थांबल्या की दहा एकांचा वर्ग करायला सांगा आणि विचारा, आठ कुठे गेला? ज्या मुलाने तो हातचा हाताने पुढे नेऊन आठ शोधला, त्याला पुढे कुणी आकड्यांची भीती घालू शकणार नाही, आणि आकड्यांच्या नावाखाली कुणी भविष्यही विकू शकणार नाही.